आडनावाचा रकाना

शारजात, रोला बाजारात, मोबाईलच्या दोन दुकानांच्या मध्ये
आमचं टायपिंग सेंटर. चार खुर्च्या, एक झेरॉक्स,
काचेवर कागद, माझ्याच हातचा:
पासपोर्ट निदान सहा महिने शिल्लक हवा.
फोटो पांढऱ्या पडद्यावर. हसू नये.
परतीचं तिकीट. राहण्याचा पत्ता.
खाली अरबीत, मल्याळममध्ये, उर्दूत तेच.
मराठीत लावलेला नाही.
आपला माणूस वाचत नाही, विचारतो.

उदय तांडेल आला गुरुवारी, हमरियाच्या बंदरावरून थेट,
बुटांना ग्रीस, हातात आत्याच्या पासपोर्टची झेरॉक्स.
"तीस दिवसांचा काढ. फिरायला येतेय.
ते उंच टॉवर वगैरे नको म्हणते,
तुझी क्रेन दाखव."

मी रकाने भरत गेलो.
जन्मस्थळ: हर्णै.
नाव: चंपावती.
आडनाव:

तिथे काहीच नव्हतं.
छापील शब्दाखाली नुसता कागद.

"एका नावावर व्हिसा होत नाही," मी म्हटलं. "दोन लागतात."
उदयने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.
मागे कोंबड्या, आणि विळीवर काहीतरी चिरल्याचा आवाज,
जो ती बोलत असतानाही थांबला नाही.

"नवऱ्याचं लाव ना, आत्या."
"त्याच्या घरात मी अकरा महिने.
त्याच्या नावावर बाजारात कधी उधारसुद्धा घेतली नाही."
"मग आजोबांचं."
"परत आले तेव्हा बाबांनी दार उघडलं नव्हतं.
तुझ्या आईने उघडलं.
तिचं माहेरचं आडनाव आठवतं का तुमच्यात कुणाला?"

उदय माझ्याकडे बघायला लागला,
जणू ते माझ्या कॉम्प्युटरात असेल.

मग तीच म्हणाली, "चंपावती दोनदा लिही की.
पुढे मीच, मागे मीच."

खरं सांगतो, मी लिहून पाहिलं.
मागे रांग होती, तरी पाहिलं.
अर्ज पुढे सरकला नाही. लाल चौकट लुकलुकत राहिली.

सात महिन्यांनी उदय परत आला. नवा पासपोर्ट.
रत्नागिरीला चार खेपा, प्रतिज्ञापत्र,
दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एका बोरवेलवाल्याच्या खाली:
मी, चंपावती, यापुढे या नावाने ओळखली जाईन.
आडनाव: हर्णेकर.

"गावाचं लावलं," उदय म्हणाला.
"म्हणते, गावाने विचारलं पुष्कळ,
पण राहू दिलं."

मी टाइप केलं, सावकाश, एकेक अक्षर.
माझ्याही आडनावाच्या शेवटी कर आहे.
ते गाव मी एकदाच पाहिलंय,
एसटीच्या खिडकीतून, आणि तेव्हाही कुणीतरी सांगितलं म्हणून.
भेटीचा उद्देश: पर्यटन.
व्हिसा तिसऱ्या दिवशी आला.

ईदनंतरच्या आठवड्यात ती दुकानात आली, पुतण्याच्या पुढे चालत,
साडीखाली पांढरे बूट, नवेकोरे,
फरशीवर चूं चूं वाजणारे.
माझ्यासमोर वर्तमानपत्रात गुंडाळलेले सोडे ठेवले.
एसी असूनही सगळ्या दुकानात वास पसरला.
मल्याळी पोरगा हसला, त्याला कळलं.

"तूच का ते लिहिणारा?"
"मीच. विमानतळावर त्रास नाही ना झाला?"

"त्रास कसला.
काचेमागचा पोरगा हाक मारत होता, हर्णेकर, हर्णेकर.
मी मागे वळून बघितलं,
म्हटलं, आपल्या गावचं इथे कोण आलंय?"

"मग?"

"मग काय. कुणीच नव्हतं.
त्याने परत हाक मारली.
मी म्हटलं, आले रे बाबा, आले."